एका रिमोटला दोन रेकॉर्डर ओ देतात तेव्हा

घरात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन रेकॉर्डर असले की काही गमती हमखास घडतात. एका बॉक्सवर चॅनेल बदललं की शेजारच्या बॉक्सवरही बदलतं. रात्री लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग सकाळी पाहावं, तर भलतंच काहीतरी रेकॉर्ड झालेलं असतं. एक बॉक्स बंद करायला जावं, तर तो बंद होतो आणि दुसरा चालू होतो. आपण सेल बदलतो, रिमोट हातावर आपटतो, शेवटी मेकॅनिकला फोन करतो. वास्तविक रिमोट आणि दोन्ही बॉक्स ठणठणीत असतात. ही घडी नीट बसवायला एक दुपार पुरते. ती कशी बसवायची, ते क्रमाने पाहू.

हा प्रश्न आला कुठून?

मुळशी तालुक्यातलं मारुंजी हे हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेलं गाव. गावठाणातल्या बंगल्यांत मजल्यागणिक एक टीव्ही, आणि लाईफ रिपब्लिकसारख्या वसाहतींतल्या फ्लॅटमध्ये हॉलला एक, बेडरूमला एक. पूर्वी केबलवाल्याची एकच वायर घरात यायची आणि स्प्लिटरमधून, म्हणजे वायरीला फाटे फोडणाऱ्या छोट्या डबीतून, दोन-तीन टीव्हींना जायची. बॉक्सच नव्हता, त्यामुळे भांडणही नव्हतं.

मग केबल डिजिटल झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, तर ग्रामीण भागासाठी ती लांबत ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. तेव्हापासून प्रत्येक टीव्हीला स्वतःचा सेट-टॉप बॉक्स लागू लागला. दुसरं कनेक्शन त्याच कंपनीकडून घेणं सोयीचं पडतं, म्हणून घरात जुळे बॉक्स येतात. त्यातले काही रेकॉर्डिंगचेही असतात. टाटा स्कायने (आताचं टाटा प्ले) २००८मध्ये 'टाटा स्काय प्लस' हा असा बॉक्स आणला, तेव्हापासून मालिका रेकॉर्ड करून सवडीने पाहणं आपल्याकडे रुळलं.

दुसरी जोडी असते सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण हार्डडिस्कवर साठवणारा खोका. आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर भरला आणि मागच्या गेटला आणखी दोन कॅमेरे लावायचे ठरले, की इन्स्टॉलर तसाच दुसरा खोका आणून पहिल्याच्या डोक्यावर ठेवतो. एकावर एक, एका फळीवर, एकाच रिमोटच्या समोर. सगळ्यात जास्त घोटाळे याच जोडीत होतात.

पायरी १: रिमोट काय बोलतो ते समजून घ्या

बहुतेक रिमोट इन्फ्रारेडवर चालतात. इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश. रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. तो साधारण ९४० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश टाकतो आणि सेकंदाला अंदाजे ३८ हजार वेळा लुकलुकतो. बॉक्सच्या दर्शनी बाजूला, काळपट काचेमागे, तो टिपणारा सेन्सर असतो. ठरावीक वेगाने लुकलुकणारा प्रकाशच तो ओळखतो, म्हणून घरातल्या साध्या दिव्यांनी सहसा फसत नाही.

आता एक बटण दाबल्यावर नेमकं काय जातं, ते जवळून पाहू. एनईसी नावाची एक फार प्रचलित पद्धत आहे. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत जातो, मग साडेचार मिलिसेकंद शांतता. त्यानंतर ३२ खुणा जातात. पहिल्या १६ खुणा उपकरणाचा पत्ता सांगतात आणि उरलेल्या १६ हुकूम सांगतात: आवाज वाढव, पुढचं चॅनेल लाव, रेकॉर्डिंग सुरू कर. हा सगळा मजकूर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपतो.

आपली गोम आहे त्या पत्त्यात. कंपनी तो मॉडेलला देते, प्रत्येक खोक्याला वेगळा देत नाही. वाड्यात दोन बंडू असले आणि अंगणातून कुणी 'बंडू' अशी हाक मारली, तर दोघंही जिन्यातून धावत येणार. एकाच मॉडेलच्या दोन बॉक्सचंही तेच होतं. त्यामुळे यापुढे आपण जे काही करणार आहोत ते तीनच प्रकारचं आहे: पत्ता वेगळा करणं, सिग्नल दुसऱ्या बॉक्सपर्यंत पोचू न देणं, किंवा इन्फ्रारेड सोडून दुसऱ्या मार्गाने हुकूम देणं.

कारखानदारांना हा प्रश्न जुनाच ठाऊक आहे. फिलिप्सच्या आरसी-५ या पद्धतीत एकूण ३२ पत्ते होते. त्यातला ५ क्रमांक व्हीसीआरला आणि ६ क्रमांक दुसऱ्या व्हीसीआरला राखून ठेवलेला होता. सोनीच्या रिमोटवर व्हीटीआर १, २, ३ अशी निवड असे. ती गरजेचीच होती, कारण लग्नाच्या कॅसेटची कॉपी काढायला दोन व्हीसीआर शेजारी-शेजारी ठेवावे लागत, आणि एकावर 'प्ले' दाबताना दुसऱ्यावरचं 'रेकॉर्ड' बिघडून चालत नसे. अमेरिकेत गाजलेल्या टिवो रेकॉर्डरच्या रिमोटलाही १ ते ९ यांपैकी एक क्रमांक देता येतो. मुलांकडे तिकडे राहायला जाणाऱ्यांना तो एखाद्या घरात अजून भेटेल.

पायरी २: आपला रिमोट कोणत्या जातीचा?

सगळेच रिमोट इन्फ्रारेडचे नसतात. ॲन्ड्रॉइडवर चालणाऱ्या नव्या बॉक्ससोबत ब्लूटूथचा रिमोट येतो. ब्लूटूथ म्हणजे जवळच्या अंतरावर चालणाऱ्या रेडिओ लहरी. रिमोटवर माईकचं बटण असेल, तर तो बहुधा ब्लूटूथचा.

खात्री करायची सोपी रीत अशी: रिमोटचं टोक तळहाताने घट्ट झाका, बॉक्सकडे पाठ करा आणि चॅनेल बदलून पाहा. बदललं तर ब्लूटूथ, नाही बदललं तर इन्फ्रारेड. चाचणी चॅनेलच्या किंवा मेनूच्या बटणावरच घ्या. काही ब्लूटूथ रिमोट चालू-बंदचा हुकूम मात्र इन्फ्रारेडनेच देतात, त्यामुळे पॉवरच्या बटणावरून अंदाज चुकतो.

इन्फ्रारेड रिमोट जिवंत आहे का, हे पाहायला मोबाईलचा कॅमेरा पुरतो. कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्याने काही दिसलं नाही, तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने पाहा. अनेक फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी काच असते. लोक इथेच फसतात आणि चांगला रिमोट टाकून देतात.

पायरी ३: आधी नंबर टाका

कुठल्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी प्रत्येक खोक्याला एक नंबर द्या. पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने १, २, ३ असं मोठं लिहून खोक्याच्या दर्शनी बाजूला लावा. त्याचा रिमोट, त्याचा ॲडॉप्टर आणि त्याचा प्लग यांनाही तोच नंबर लावा. बोर्डात चार काळे ॲडॉप्टर एकसारखे दिसतात. चुकीचा उपटला की चालू रेकॉर्डिंग गेलंच.

रिमोटवर नुसता रंगीत ठिपका देऊ नका. टीव्ही पाहताना दिवे मंद असतात, तेव्हा लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात. बोटांना कळेल अशी खूण हवी. एका रिमोटच्या शेपटाला एक रबरबँड आणि दुसऱ्याच्या शेपटाला दोन, एवढं केलं तरी आजी-आजोबांना चष्मा न लावता कळतं.

पायरी ४: खोल्या वेगळ्या करून भागतंय का पाहा

इन्फ्रारेड प्रकाशच आहे. तो भिंतीतून जात नाही. त्यामुळे एक बॉक्स हॉलमध्ये, दुसरा बेडरूममध्ये आणि मध्ये भिंत असेल, तर काहीच करावं लागत नाही. उलट हा फायदाच आहे. एक रिमोट हरवला, तर दुसऱ्या खोलीतला आणून काम चालतं.

गडबड होते ती दोन प्रकारच्या घरांत. एक म्हणजे हॉल आणि डायनिंग सलग असलेला फ्लॅट. इन्फ्रारेड पांढऱ्या भिंतीवरून आणि छतावरून परावर्तित होतो, म्हणजे आपटून परत फिरतो. म्हणून रिमोट एका टीव्हीकडे धरला तरी पाठीमागच्या बॉक्सलाही हुकूम पोचतो. अशा वेळी दुसरा बॉक्स फूट-दोन फूट सरकवून कपाटाच्या आड घेतला, तरी बरेचदा काम होतं.

दुसरं म्हणजे जिथे दोन्ही बॉक्स हॉलच्या एकाच टीव्ही युनिटमध्ये ठेवलेत आणि लांब एचडीएमआय वायर भिंतीतून बेडरूमच्या टीव्हीला नेलीय. इथे सरकवासरकवीचा उपयोग नाही. पुढच्या पायऱ्या मुख्यतः अशांसाठी आहेत.

पायरी ५: डीव्हीआर असेल तर डिव्हाइस नंबर बदला

सीसीटीव्हीच्या अनेक डीव्हीआरमध्ये पत्ता बदलायची सोय आधीपासून असते. हाइकव्हिजनच्या डीव्हीआरमध्ये तिला 'डिव्हाइस नंबर' म्हणतात. कारखान्यातून येताना तो २५५ असतो आणि रिमोटही २५५वरच असतो. म्हणून नवे खोके कितीही ठेवले, तरी सगळे एकाच रिमोटचं ऐकतात.

पहिलं काम: डीव्हीआरला माऊस जोडा. माऊस वायरीने एकाच खोक्याला जोडलेला असतो, त्यामुळे त्याचा हुकूम दुसरीकडे जाणं शक्यच नाही. हीच सेटिंग रिमोटने करायला गेलात, तर दोन्ही खोक्यांवर एकाच वेळी मेनू उघडतील आणि दोघांनाही तोच नवा नंबर मिळेल.

दुसरं: मेनूत कॉन्फिगरेशन, म्हणजे मांडणीचा भाग, उघडा. त्यात 'जनरल' आणि मग 'मोअर सेटिंग्ज'. तिथे डिव्हाइस नंबरचा रकाना दिसेल. पहिल्या खोक्याला १ द्या, सेव्ह करा आणि माऊस काढून दुसऱ्या खोक्याला लावा. त्याला २ द्या. २५५ कुणालाही ठेवू नका.

तिसरं: आता रिमोटला सांगा. रिमोटवर 'डीईव्ही' असं बटण असतं. ते दाबा, खोक्याचा नंबर दाबा आणि एंटर दाबा. एवढं झालं की हा रिमोट फक्त त्या नंबरच्या खोक्याशी बोलेल. दुसरा रिमोट असेल, तर त्याला २ द्या. एकच रिमोट असेल, तर दर वेळी 'डीईव्ही' आणि नंबर दाबून खोका बदलता येतो.

इथली नेहमीची अडचण लक्षात ठेवा. 'डीईव्ही' चुकून दाबलं गेलं की रिमोटमधला नंबर पुसला जातो आणि रिमोट मेल्यासारखा होतो. सुरक्षारक्षक सेल बदलतो, लख्ख पुसतो, तरी काही नाही. अशा वेळी पुन्हा 'डीईव्ही', नंबर, एंटर. म्हणूनच डिव्हाइस नंबर खोक्यावरच चिकटवून ठेवायचा.

इतर कंपन्यांच्या डीव्हीआरमध्ये हीच सोय वेगळ्या नावाने आणि वेगळ्या बटणावर असते. मॅन्युअलमध्ये 'डिव्हाइस नंबर', 'डिव्हाइस आयडी' किंवा 'ॲड्रेस' हे शब्द शोधा. मॅन्युअल हरवलं असेल, तर खोक्याच्या बुडाशी लिहिलेला मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्या. हार्डडिस्क 'फॉरमॅट' करणं, म्हणजे सगळं चित्रण पुसून डिस्क कोरी करणं, हे काम रिमोटने कधीही करू नका. दोन्ही खोके एकाच मेनूत उघडे असतील, तर एका दाबात दोघांचंही चित्रण जाईल. पार्किंगमधून दुचाकी गेल्यावर नेमकं तेच चित्रण पोलिसांना हवं असतं. डीव्हीआरच्या सेटिंगसाठी माऊस आणि कॅमेरे पाहण्यापुरता रिमोट, असा नियमच करून टाका.

पायरी ६: ब्लूटूथचा बॉक्स असेल तर पेअरिंग करा

पेअरिंग म्हणजे रिमोट आणि बॉक्स यांची एकास एक गाठ घालून देणं. ती बसली की रिमोट दुसऱ्या बॉक्सला हुकूम देत नाही. सेट-टॉप बॉक्ससाठी हा सगळ्यात स्वच्छ मार्ग.

पेअरिंग करताना दुसऱ्या बॉक्सचा प्लग बोर्डातून काढा. नुसता रिमोटने बंद केलेला बॉक्स आतून जागाच असतो आणि तोच आधी गाठ बांधून घेऊ शकतो. मग पहिल्या बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिमोट जोडण्याचा पर्याय उघडा आणि पडद्यावर दाखवलेली दोन बटणं एकदम दाबून धरा. ही बटणं कंपनीगणिक वेगळी असतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पेअर झाल्याचा संदेश आला की लगेच त्या रिमोटला नंबराची पट्टी लावा. मगच दुसरा बॉक्स चालू करून त्याचा रिमोट जोडा. इन्फ्रारेडमध्ये रिमोटची अदलाबदल झाली तरी चालतं, ब्लूटूथमध्ये चालत नाही. शिवाय ब्लूटूथ भिंतीतून जातं. हॉलचा रिमोट बेडरूममध्ये नेऊन बटणं दाबत बसलात, तर इथे काही होणार नाही आणि तिकडे हॉलमधल्या मंडळींची मॅच बदलेल.

पायरी ७: टीव्हीच्या रिमोटने बॉक्स चालवून पाहा

एचडीएमआय वायरीतून चित्र आणि आवाजाबरोबर हुकूमही जाऊ शकतात. या सोयीला सीईसी म्हणतात. टीव्ही कंपन्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिम्पलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे ती चालू करावी लागते.

त्यानंतर टीव्हीच्या रिमोटवरचे बाण आणि ओके दाबले, की हुकूम वायरीतून थेट त्या टीव्हीवर दिसत असलेल्या बॉक्सला जातो. शेजारच्या बॉक्सला पत्ताही लागत नाही. मात्र सगळे सेट-टॉप बॉक्स ही सोय पाळत नाहीत, आणि पाळली तरी रेकॉर्डिंगचं बटण टीव्हीच्या रिमोटवर असेलच असं नाही. पाच मिनिटांत करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. जमली तर उत्तम, नाही तर पुढे चला.

पायरी ८: सेन्सर झाका

पत्ता बदलता येत नाही, ब्लूटूथ नाही, सीईसी नाही. जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच असतं. मग सिग्नल अडवायचा.

आधी सेन्सर नेमका कुठे आहे ते शोधा. टॉर्च तिरका मारला की काळपट काचेमागे छोटा गोल फुगवटा दिसतो. दिसला नाही, तर बोटाने दर्शनी भाग थोडा थोडा झाकत रिमोट दाबत जा. जिथे झाकल्यावर रिमोट चालेनासा होतो, ती जागा.

झाकायला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्या. त्याची दुहेरी घडी घालून बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा आणि चिकटपट्टीने लावा. काळं प्लॅस्टिक आणि काळा कागद यांच्यावर विसंबू नका. डोळ्यांना काळं दिसणारं काही प्लॅस्टिक इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतं. बॉक्सची काळपट काचही त्याच जातीची असते. हवा जाण्याच्या जाळीवर मात्र फॉइल लावू नका. रेकॉर्डिंगच्या बॉक्समध्ये हार्डडिस्क फिरत असते आणि ती तापते.

झाकलेल्या बॉक्सला आता हुकूम कसा द्यायचा? त्यासाठी आयआर एक्स्टेंडर मिळतो. त्याच्या एका टोकाला छोटा सेन्सर असतो, मध्ये वायर आणि दुसऱ्या टोकाला मण्याएवढा इन्फ्रारेड दिवा. सेन्सर बेडरूमच्या टीव्हीजवळ ठेवायचा, वायर एचडीएमआयच्या सोबतीने हॉलमध्ये आणायची, दिवा बॉक्स क्रमांक २ च्या सेन्सरवर चिकटवायचा आणि त्यावरून फॉइल लावायचा. मग हॉलमधला रिमोट फक्त क्रमांक १ला आणि बेडरूममधला फक्त क्रमांक २ला ऐकू जातो.

यात दोन चुका होतात. दिवा सेन्सरच्या शेजारी चिकटतो, बरोबर त्याच्यावर नाही. म्हणून आधी हाताने धरून चालतो का पाहा, मगच मागचा कागद सोला. दुसरी चूक म्हणजे दिव्यावर फॉइलच न लावणं. मग त्याचा प्रकाश फळीवरच्या दुसऱ्या बॉक्सलाही जातो आणि आपण फिरून पहिल्या जागी येतो.

मोबाईलमधला रिमोट यात मदत करत नाही, हेही सांगून ठेवतो. काही फोनना इन्फ्रारेडचा दिवा असतो, पण तोही मॉडेलचा तोच पत्ता पाठवतो. दोन्ही बॉक्स त्यालाही ओ देणारच.

पायरी ९: पॉवर बटणाची उलटापालट सरळ करा

बहुतेक रिमोटवर 'चालू' आणि 'बंद' ही वेगळी बटणं नसतात. एकच बटण अवस्था उलटवतं. दोन्ही बॉक्स एकाच अवस्थेत असतील तोवर ते कळत नाही. एक चालू आणि दुसरा बंद अशी स्थिती झाली, की मग ते कायम विरुद्ध चालतात.

मारुंजीत याचं नेहमीचं कारण वीज आणि इन्व्हर्टर. हॉलचा बोर्ड इन्व्हर्टरवर असतो, सलग असलेल्या डायनिंगचा नसतो. वीज गेली की हॉलचा बॉक्स चालू राहतो, डायनिंगचा बंद पडतो आणि वीज आल्यावर तो स्वतःच्या मर्जीने चालू किंवा स्टँडबाय, म्हणजे अर्धझोपेत, येतो. उपाय सोपा आहे: एका बॉक्सचा सेन्सर हाताने झाकून दुसऱ्यावर एकदा पॉवर दाबा. दोन्ही एका अवस्थेत आले की पुन्हा जोडीने चालतील. सेन्सर कायमचा झाकला असेल, तर हा प्रश्न येतच नाही.

पायरी १०: रेकॉर्डिंग तपासा

रिमोटची घडी बसली की दोन्ही बॉक्सवरची रेकॉर्डिंगची यादी उघडा. गोंधळाच्या काळात एकच मालिका दोन्हीकडे लागलेली असते आणि डिस्क उगाच भरते. नको असलेली नोंद काढा.

हे पुसताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. डीटीएच कंपन्यांच्या बॉक्समधलं रेकॉर्डिंग सांकेतिक स्वरूपात त्याच बॉक्सशी बांधलेलं असतं. क्रमांक १ वरचं रेकॉर्डिंग क्रमांक २ वर लागत नाही, दोन्ही बॉक्स हुबेहूब सारखे असले तरी. त्यामुळे कोणाच्या मालिका कोणत्या बॉक्सवर, हे घरात आधी ठरवा आणि मग पुसा.

शेवटी चाचणी घ्या. दोन्ही बॉक्सवर वेगवेगळे कार्यक्रम लावा, एकावर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि दुसऱ्या रिमोटची सगळी बटणं दाबून पाहा. रेकॉर्डिंग अखंड राहिलं, तर काम झालं.

तरीही अडलं तर

रिमोट संध्याकाळीच चालत नसेल, तर ऊन पाहा. पश्चिमेकडे खिडकी असलेल्या हॉलमध्ये मावळतीचं ऊन थेट सेन्सरवर पडलं की त्याला रिमोटचा क्षीण प्रकाश ओळखू येत नाही. पडदा ओढा. जुना सीएफएल दिवा बॉक्सच्या अगदी जवळ असेल, तर तोही त्रास देतो.

सेल बदलल्यावर रिमोट चुकीच्या खोक्याशी बोलू लागला, तर त्यातला नंबर पुसला गेला असेल. काही रिमोट सेल काढल्यावर नंबर विसरतात. नवे सेल हाताशी ठेवून मगच जुने काढा, आणि एक जुना एक नवा असं करू नका. जो रिमोट बरेच दिवस वापरायचा नाही, त्याचे सेल काढून ठेवा. पावसाळ्याच्या दमट हवेत गळलेल्या सेलची हिरवट-पांढरी पूड स्प्रिंगवर धरली, की पत्ता बरोबर असूनही रिमोट चालत नाही.

आणि अजून दुसरा रेकॉर्डर घ्यायचाच असेल, तर दुकानात एवढंच विचारा: याचा डिव्हाइस नंबर बदलता येतो का, किंवा रिमोट ब्लूटूथचा आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं आणि खोका पहिल्याच फळीवर ठेवायचा असेल, तर सरळ वेगळ्या कंपनीचा घ्या.